हवा बाहेर, पाणी आत : ट्यूबलेस टायरच्या पंक्चरची दुरुस्ती

मोटारीच्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला की गाडीच्या मालकाला जाणवते ती केवळ हवेची गळती, आणि म्हणून पंक्चर काढणे म्हणजे हवेची बाहेर जाण्याची वाट बंद करणे अशी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. टायरची रचना लक्षात घेतली तर ही समजूत अर्धीच खरी ठरते, कारण त्या एकाच छिद्रातून दोन उलट दिशांची ये-जा सुरू झालेली असते : आतली हवा बाहेर पडते, आणि रस्त्यावरचे पाणी, माती व क्षार टायरच्या जाडीत दडलेल्या पोलादी तारांपर्यंत पोहोचू लागतात. पहिली गोष्ट काही तासांत किंवा दिवसांत कळते. दुसरी कळायला महिने लागतात आणि तोवर टायर वरून धडधाकट दिसत राहतो. रस्त्याकडेच्या दुकानात पाच-दहा मिनिटांत बाहेरून ठोसली जाणारी रबरी दोरी, टायर उतरवून आतून चिकटवला जाणारा पॅच, आणि या दोहोंचा मिलाफ असलेले, गॅरेजांतून ‘मशरूम’ या नावाने ओळखले जाणारे ठिगळ, यांचे मोल ठरवायचे तर या दोन वाटांपैकी कोणती बंद झाली हे आधी पाहावे लागते. वेळ आणि पैसा यांचा हिशेब त्यानंतरचा.

टायर हा एकजिनसी रबराचा गोळा नसून वेगवेगळ्या कामांसाठी रचलेल्या थरांचा बांधीव सांगाडा असतो. सर्वांत आत ब्युटिल जातीच्या कृत्रिम रबराचे पातळ अस्तर असते. नैसर्गिक रबराच्या तुलनेत ब्युटिलमधून हवा झिरपण्याचे प्रमाण कित्येक पटींनी कमी असल्यामुळे पूर्वी जे काम ट्यूब करीत असे, ते आता हे अस्तर करते. त्यावर पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा थर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवा गेलेला असतो, आणि रिमवर घट्ट बसणाऱ्या त्या काठांत पोलादी तारेची कडी भरलेली असतात. रेडियल जातीच्या टायरमध्ये, म्हणजे आजच्या जवळजवळ प्रत्येक मोटारीच्या टायरमध्ये, जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे सहसा दोन पट्टे एकमेकांना तिरके छेद देत बसवलेले असतात, त्यांवर अनेकदा नायलॉनचा आणखी एक थर असतो, आणि सर्वांत वर नक्षी कोरलेले जाड रबर, ज्याला ट्रेड म्हणतात. पट्ट्यांतील तारांवर पितळेचा मुलामा असतो, कारण उघड्या पोलादाला रबर नीट धरत नाही, तर पितळेतील तांबे आणि रबरातील गंधक यांच्यात रासायनिक बंध तयार होतो. रेडियल टायरची मजबुती ज्या बंधावर उभी आहे तो हा, आणि ओलाव्याचा घाला नेमका त्याच्यावरच पडतो.

ट्यूब नाहीशी होण्यामागचा इतिहास फार लांबचा नाही. ब्युटिल रबर १९३७ साली अमेरिकेतील स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथील बी. एफ. गुडरिच कंपनीने ट्यूबविरहित टायरची घोषणा केली आणि फ्रँक हर्झेग या अभियंत्याच्या नावावरचे त्याचे पेटंट १९५२ मध्ये मंजूर झाले. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील नव्या मोटारींवर असे टायर सर्रास येऊ लागले. भारतात मात्र ट्यूबचे राज्य त्यानंतरही काही दशके टिकले, आणि त्यामुळे पाण्याने भरलेले घमेले, ट्यूब घासण्याची कानस आणि सोल्यूशनची डबी हे पंक्चरच्या दुकानाचे चित्र आजही अनेकांच्या मनात पक्के आहे. ट्यूबचे पंक्चर आणि ट्यूबलेसचे पंक्चर या मुळात दोन वेगळ्या घटना आहेत. ट्यूब पातळ आणि ताणलेली असल्याने तिला पडलेले भोक फाटत जाते, आणि निसटलेली हवा टायर व ट्यूब यांच्या मधून व्हॉल्व्हच्या छिद्रावाटे झपाट्याने निघून जाते. ट्यूबलेसमध्ये अस्तर टायरच्या अंगालाच जडलेले असते, सभोवतालचे रबर घुसलेल्या खिळ्याला चहूबाजूंनी आवळून धरते आणि हवा इतकी सावकाश जाते की गाडी त्याच खिळ्यासह आठवडाभर धावल्याची उदाहरणे सामान्य आहेत. जवळ दुकान नसेल तर खिळा उपटून काढू नये, हवा भरून तसेच दुकानापर्यंत जावे, हा जुन्या चालकांचा सल्ला याच कारणाने योग्य आहे. खिळा हाच त्या छिद्राचा तात्पुरता बूच असतो.

छिद्रातून हवा जोराने रेटते आणि म्हणून बूच उडून जाईल, ही सर्वसाधारण भीती आकड्यांपुढे टिकत नाही. मोटारीच्या टायरमध्ये साधारणतः ३० ते ३५ पीएसआय हवा भरतात. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर पडणारा पौंडांतील दाब, आणि ३३ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे २.३ किलोग्रॅम. तीन मिलिमीटर जाडीच्या खिळ्याने पडलेल्या छिद्राचे क्षेत्रफळ इतके लहान असते की त्यातील बुचावर हवेचा रेटा जेमतेम १६० ग्रॅमचा येतो, आणि सहा मिलिमीटरच्या छिद्रातही तो साडेसहाशे ग्रॅमच्या आसपासच राहतो. बुचाला थकवते ते चाकाचे फिरणे. टायरवर १८५/६५ आर १५ अशी खूण असेल तर त्याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल आणि रिमचा व्यास १५ इंच असा होतो. अशा चाकाचा परीघ दोन मीटरहून किंचित कमी भरतो. म्हणजे दर किलोमीटरला ते पाचशेहून अधिक वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात छिद्राचा भाग एकदा जमिनीवर दाबला जाऊन चपटा होतो व पुन्हा वर येऊन मूळ आकार घेतो. बुचाची परीक्षा घेते ते हे दाबणे-सुटणे, त्यातून निर्माण होणारी उष्णता आणि थरांमध्ये होणारी सूक्ष्म सरक.

आता त्या दोरीकडे वळता येईल. तिला कोणी स्ट्रिप म्हणतात, कोणी प्लग. ती म्हणजे कच्च्या, चिकट रबरात मुरवलेल्या धाग्यांचा बोटभर लांबीचा जाड पीळ. कारागीर खिळा उपटतो, पिळाची दांडी असलेला टोचा छिद्रात घालून मागे-पुढे फिरवतो, त्यामुळे भोक साफ आणि खरखरीत होते. मग दाभणासारख्या हत्याराच्या नेढ्यात दोरी ओवून ती मधोमध दुमडलेल्या स्थितीत आत ढकलतो आणि झटक्याने हत्यार बाहेर ओढतो, तेव्हा दोरीचा दुमडलेला भाग आत व दोन्ही शेंडे बाहेर राहतात. शेंडे कापले, हवा भरली, साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले की काम संपले. चाक गाडीवरून उतरवण्याचीही अनेकदा गरज पडत नाही. या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, पण तिच्या बाजूने बोलणारी वस्तुस्थितीही नोंदवली पाहिजे : भारतातील बहुसंख्य ट्यूबलेस पंक्चरे याच रीतीने काढली जातात, आणि त्यांतील पुष्कळशा दोऱ्या टायर झिजेपर्यंत हवा रोखून धरतात. चालताना येणाऱ्या उष्णतेने दोरीतील कच्चे रबर भोवतालच्या रबराशी काही प्रमाणात एकजीव होते, आणि छिद्र लहान, सरळ व ट्रेडच्या मध्यभागी असेल तर तिच्यावर फारसा ताणही येत नाही.

अडचण येते ती दोन ठिकाणी. टोचा आंधळेपणाने चालवला जातो. खिळा तिरपा शिरला असेल आणि टोचा सरळ घातला गेला तर जुन्या जखमेशेजारी नवी वाट पडते आणि वाटेतल्या पोलादी तारा तुटतात, वाकतात किंवा उघड्या पडतात. दुसरे असे की धाग्यांचा पीळ छिद्राच्या भिंतींना सर्वत्र सारखा चिकटत नाही, आणि त्याच्या कडेने, कधी धाग्यांच्या आतूनही, ओलावा पट्ट्यांपर्यंत उतरू शकतो. पट्ट्यातील प्रत्येक तार ही अनेक बारीक तारांचा पीळ असल्याने त्यांच्यामधील फटींतून पाणी जखमेपासून दूरवर पसरते, गंज त्याच वाटेने पुढे सरकतो आणि पितळ-रबराचा बंध सुटत जातो. याचा शेवट क्वचित प्रसंगी पट्टे एकमेकांपासून अलग होण्यात होतो. मग ट्रेडवर फुगवटा येतो, गाडी एका ठरावीक वेगाला थरथरू लागते, आणि हे लक्षण दुर्लक्षिले गेले तर भर वेगात ट्रेडचा थरच सोलून निघतो. प्रत्येक दोरीचा शेवट असा होतो असे मुळीच नाही. मात्र तो कोणत्या दोरीचा होईल हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही.

शहरातल्या शहरात चाळीसच्या वेगाने फिरणाऱ्या गाडीला ही शक्यता फारशी जाचत नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाला नवी धार आली ती नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गामुळे. ७०१ किलोमीटर लांबीच्या या काँक्रीटच्या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा ठरली, आणि टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा इतकी वाढली की परिवहन अधिकाऱ्यांनी प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याच्या मोहिमा हाती घेतल्या. ताशी १२० किलोमीटर वेगाला वर उल्लेखिलेले चाक सेकंदाला सुमारे सतरा फेरे घेते, आणि नागपूरहून शिर्डीला पोहोचेपर्यंत छिद्राचा भाग अडीच लाखांहून अधिक वेळा दाबला आणि सोडला जातो, तोही बहुधा विदर्भाच्या उन्हात. या चर्चेत नायट्रोजन भरण्याचा सल्ला फार लोकप्रिय झाला. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो हे लक्षात घेता, टायरमध्ये काय भरले आहे यापेक्षा हवा योग्य दाबाची आहे का, ट्रेड किती उरला आहे आणि जुनी पंक्चरे कशी काढली आहेत, हे प्रश्न अधिक कामाचे होते, पण ते तितकेसे विचारले गेले नाहीत.

केवळ पॅच लावण्याची पद्धत दोरीच्या अगदी उलट आहे. टायर रिमवरून उतरवून छिद्राभोवतीचे अस्तर घासायचे, सोल्यूशन लावायचे आणि रबराचा पॅच आतून चिकटवायचा. पॅच आतून असल्यामुळे हवेचा दाब त्याला उखडण्याऐवजी दाबून बसवतो. तीन सेंटीमीटर व्यासाच्या पॅचवर ३३ पीएसआय हवेचा भार सुमारे सोळा किलोग्रॅम पडतो. हवेच्या दृष्टीने ही दुरुस्ती दोरीहून कितीतरी भरवशाची असते, परंतु पॅचखालचे भोक ट्रेडपर्यंत तसेच उघडे राहते आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचून तारांना भिडते. दोरीने हवा अडते आणि पाण्याचा भरवसा राहत नाही, तर पॅचने हवा पक्की अडते पण पाण्याला दार मोकळे मिळते. म्हणूनच अमेरिकेतील टायर उत्पादकांच्या संघटनेच्या मार्गदर्शक नियमांत नुसता प्लग किंवा नुसता पॅच ही दुरुस्ती मान्यच केलेली नाही. टायर उतरवून आतून तपासणे, जखमेची पोकळी रबराच्या दांड्याने भरणे आणि अस्तरावर पॅच बसवणे, या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या तरच तिला दुरुस्ती म्हणावे, अशी ती भूमिका आहे. ब्रिटनमधील बीएस एयू १५९ हे मानकही लहान दुरुस्तीला ट्रेडच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीतच परवानगी देते.

‘मशरूम’ हे नाव आकारावरून पडले आहे : छत्रीसारखा गोल पॅच आणि त्याच्या मधोमध निघालेला रबराचा दांडा, असा तो एकसंध तुकडा असतो. ही दुरुस्ती नीट झाली की नाही हे त्या तुकड्याच्या किमतीपेक्षा आधीच्या तयारीवर अधिक अवलंबून असते, आणि म्हणून तिच्या पायऱ्या ग्राहकालाही ठाऊक असणे उपयोगी आहे. टायर उतरवण्यापूर्वी छिद्राची जागा आणि व्हॉल्व्हच्या संदर्भात टायरची स्थिती खडूने खुणावून ठेवतात. उतरवल्यावर टोचा घालून जखमेची दिशा पाहतात. ती सरळ रेषेपासून २५ अंशांहून अधिक कललेली असेल तर एकसंध मशरूमचा दांडा नीट बसत नाही, आणि दांडा व पॅच वेगवेगळे वापरावे लागतात. त्यानंतर ड्रिलला लावलेल्या कार्बाइडच्या पात्याने, कमी वेगाने आणि जखमेच्याच दिशेने, भोक सारख्या व्यासाचे करतात. या क्रियेत गंजलेली, वाकलेली तारांची टोके आणि फाटलेले रबर निघून जाते. चांगल्या टायरला यंत्राने आणखी मोठे भोक पाडणे विचित्र वाटते, आणि अनेक ग्राहक या टप्प्यावर हरकत घेतातही, पण तारांची धारदार टोके तशीच राहिली तर ती आतला दांडा हळूहळू कापत जातात.

मग अस्तराची पाळी येते. कारखान्यात टायर साच्यातून सुटावा म्हणून आतून वंगण लावलेले असते आणि त्यावर कोणतेही सोल्यूशन धरत नाही, त्यामुळे ते आधी द्रावकाने ओले करून पत्र्याच्या खरवडणीने काढावे लागते, आणि त्यानंतरच फिरत्या चाकाने अस्तर बारीक, एकसारखे खरखरीत करतात. जास्त घासले तर खालच्या दोऱ्या उघड्या पडतात, कमी घासले तर पॅच धरत नाही. कारागिराचा हात दिसतो तो येथे. घासल्यावर पडलेली रबराची पूड फुंकरीने उडवून चालत नाही, कारण कॉम्प्रेसरच्या हवेत अनेकदा तेल आणि पाणी असते आणि तोंडच्या फुंकरीत ओलावा. ती शोषून घ्यावी लागते.

सोल्यूशन ही वस्तू साधा डिंक नव्हे. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला असे आढळले की रबर आणि गंधक एकत्र तापवले असता रबर टिकाऊ आणि लवचीक होते. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. पंक्चरच्या सोल्यूशनमध्ये आणि पॅचच्या खालच्या कच्च्या रबराच्या थरात हीच क्रिया घडवणारी द्रव्ये अशी विभागलेली असतात की दोन्ही एकत्र आल्यावर उष्णतेवाचून, सामान्य तपमानालाच, पॅच आणि अस्तर यांच्यात बंध तयार होऊ लागतो. मात्र सोल्यूशनमधील द्रावक उडून जाऊन ते बोटाला किंचित चिकटण्याइतके वाळेपर्यंत, म्हणजे काही मिनिटे, थांबणे अनिवार्य असते. घाईने ओल्या सोल्यूशनवर पॅच बसवला तर अडकलेले द्रावक बुडबुडे धरते आणि बंध कच्चा राहतो. काही दुकानांत काडी लावून सोल्यूशन पेटवून वाळवण्याची रीत दिसते. तिने वेळ वाचतो, पण ज्या द्रव्यांच्या जोरावर बंध व्हायचा तीही त्यात होरपळतात. वाळल्यावर मशरूमचा दांडा आतून बाहेर ओढून घेतात, छत्री अस्तराला टेकते, आणि दातेरी रुळाने मध्यापासून कडेकडे दाबत हवा काढून टाकतात. पॅचबाहेर जे अस्तर घासले गेले असेल त्यावर सील लावतात, दांडा बाहेरून ट्रेडच्या किंचित वर कापतात, टायर पूर्वीच्याच खुणेवर रिमला बसवून हवा भरतात, साबणाच्या पाण्याने तपासतात आणि चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करतात. एवढे सगळे व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि दहा मिनिटांत मशरूम लावून देणाऱ्या दुकानात यांतील काय गळले असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

टायर उतरवण्याचा आग्रह धरण्यामागे छिद्राहून मोठे कारण आहे. हवा कमी झालेल्या टायरवर गाडी काही अंतर चालली की बाजूच्या भिंती जमीन आणि रिम यांच्यामध्ये चिरडल्या जातात, त्यांतील दोऱ्या तापून कमकुवत होतात आणि अस्तर स्वतःवरच घासले जाऊन आत रबराची काळी पूड साठते. कधी भिंतीवर गोल फिरलेला एक पट्टा किंवा सुरकुत्या दिसतात. बाहेरून मात्र असा टायर निर्दोष वाटू शकतो. ट्रेडमधल्या छिद्राला कितीही उत्तम मशरूम लावला तरी भिंतीच्या दोऱ्यांचे गेलेले बळ परत येत नाही, आणि पुन्हा पूर्ण हवा भरताना किंवा नंतर वेगात असा टायर बाजूने फुटू शकतो. आत पूड सापडली तर तो टायर मोडीत काढावा, यावर जाणकारांत दुमत नाही. बाहेरून दोरी घालणाऱ्याला ही पूड दिसतच नाही.

कोणते पंक्चर काढू नये याचे नियम याच रचनेतून येतात. बाजूच्या भिंतीत पोलादी पट्टे नसतात. तेथे केवळ पॉलिएस्टरच्या दोऱ्या भार पेलतात आणि प्रत्येक फेऱ्यात सर्वाधिक वाकणारा भागही तोच, त्यामुळे तेथे ना दोरी टिकते ना पॅच. ट्रेड आणि भिंत यांच्यामधल्या खांद्यावर पट्ट्यांचे काठ संपतात आणि थरांमधील सरक तेथे सर्वांत जास्त असते, म्हणून खांदाही वर्ज्य. मोटारीच्या टायरमध्ये सहा मिलिमीटरहून मोठे छिद्र, आधीच्या दुरुस्तीवर चढणारी नवी दुरुस्ती, आणि १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर किमान खोलीपर्यंत झिजलेला ट्रेड, या तिन्ही बाबतीत दुरुस्ती करू नये असे मार्गदर्शक नियम सांगतात. टायरचे वयही पाहावे. भिंतीवरच्या चौकोनात छापलेल्या चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३१९ हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो.

पावसाळ्यात पंक्चरे वाढतात हा महाराष्ट्रातील वाहनचालकांचा अनुभव निराधार नाही. पाण्याने ओले झालेले रबर कोरड्या रबरापेक्षा सहज कापले जाते, कारण काच किंवा पत्रा आत शिरताना पाणी वंगणाचे काम करते, आणि वाहत्या पाण्याबरोबर कडेचा सारा कचरा रस्त्यावर येतो. झिजलेल्या टायरला हा धोका अधिक, कारण टोक आणि अस्तर यांच्यामधले रबर तेवढे कमी उरलेले असते. पाणी आत जाण्याचा जो प्रश्न वर मांडला तो ज्या महिन्यांत सर्वाधिक गंभीर, त्याच महिन्यांत दुकानांतून दोऱ्यांचा खप सर्वाधिक असतो.

दुकानांविषयीही थोडे सांगणे प्राप्त आहे. मुंबई-पुणे परिसरात आणि महामार्गांच्या कडेला अशी कित्येक दुकाने केरळातून, उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेल्या कारागिरांनी उभी केली. रात्री-अपरात्री, आडरस्त्याला आणि मोजक्या हत्यारांनिशी त्यांनी दिलेली सेवा नसती तर मोटारीच्या प्रवासाचा धीर अनेकांना झाला नसता. त्यांच्यापैकी बहुतेकांना मशरूमची माहिती असते. पण ग्राहक घाईत असतो, टायर उतरवण्याचे यंत्र प्रत्येकाकडे नसते, आणि दोरीच्या पैशात काम मागणाऱ्याला दुसरे काही देणे परवडत नाही. काही ठिकाणी एका पंक्चरची चार पंक्चरे दाखवण्याची लबाडी चालते, ज्यात तपासतानाच टोकदार वस्तूने नवी भोके पाडली जातात. त्यावर इलाज एवढाच की चाक नजरेसमोर राहावे, हत्यार लागण्यापूर्वी संपूर्ण टायरवर साबणाचे पाणी फिरवून बुडबुड्यांच्या जागा खडूने खुणावून घ्याव्यात आणि नंतर सापडलेल्या भोकांचा जाब विचारावा. त्याच तपासणीत व्हॉल्व्ह आणि रिमचा काठही पाहून घ्यावा, कारण खड्ड्यात आपटून वाकलेली अलॉयची रिम किंवा वाळून चिरलेला व्हॉल्व्ह यांतून जाणारी हवा हुबेहूब पंक्चरसारखीच वागते आणि टायरमध्ये खिळा शोधण्यात दिवस जातो.

टायरमधील हवा घटल्याची सूचना चालकाला देणारी टीपीएमएस नावाची यंत्रणा आता याच व्यवहारात शिरली आहे. अमेरिकेत २००० साली ट्रेड सुटून झालेल्या अपघातांच्या एका मोठ्या प्रकरणानंतर कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांना ती सक्तीची झाली. भारतात जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन असे ठरले की साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी देण्याचे बंधन राहणार नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना बॅटरीसाठी जागा हवी असते, आणि एक चाक कमी केल्याने वजन व खर्चही घटतो, त्यामुळे उत्पादकांना ही सवलत सोयीचीच ठरली. चालकाच्या दृष्टीने मात्र स्टेपनी ही केवळ सोय नव्हती. तिच्यामुळे पंक्चर झालेला टायर शांतपणे, नीट यंत्रे असलेल्या दुकानात नेऊन उघडून पाहता येत असे, आणि ती गेल्यावर पहिल्या दुकानातली पहिली दोरी स्वीकारण्याखेरीज पर्याय उरत नाही.

संचातील बाटलीत बहुधा लॅटेक्सवर आधारित द्रव असतो. तो व्हॉल्व्हमधून आत सोडून छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरली की चाक फिरताना तो छिद्राकडे फेकला जातो आणि तेथे गोठून वाट बुजवतो. ही दुरुस्ती तात्पुरती असून तिच्यावर सहसा ताशी ८० किलोमीटरच्या आत, जवळच्या दुकानापर्यंतच जाणे अभिप्रेत असते. द्रव घातलेला टायर नंतर उघडून धुवावा लागतो, कारण त्या चिकट थरावर सोल्यूशन धरत नाही, आणि आत द्रव आहे हे कारागिराला आधी सांगितले नाही तर टायर उतरवताना तो त्याच्या अंगावर येतो. बाटलीवर मुदत छापलेली असते आणि ती उलटल्यावर द्रव घट्ट होऊन निरुपयोगी ठरतो. खड्ड्याच्या धारदार काठाने बाजूची भिंत चिरली गेली तर मात्र दोरी, पॅच, मशरूम आणि बाटली यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही, आणि स्टेपनी नसलेली गाडी टोइंगच्या वाहनावर चढवूनच न्यावी लागते.